तळापर्यंत हात

वाशीमला बचत गटाच्या बायांचं एक प्रशिक्षण होतं. वर पंखे गरगरत होते, समोर पडद्यावर रंगीत चित्रं. बाहेरगावाहून आलेल्या मॅडम बोलायला गोड होत्या. धंद्यात आपलं नाव कसं करायचं, लोकांवर छाप कशी पाडायची, असं सगळं त्या समजावून सांगत होत्या. मधेच त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या ताईंच्या मालाची बाजारात फार पत आहे म्हणे. ती कशी तयार केली, दोन मिनिटांत सांगा बरं सगळ्यांना."

दोन मिनिटांत! मी माईक हातात घेतला नि मठ्ठासारखी उभी राहिले. मग 'मेहनत, प्रामाणिकपणा' असलं काहीतरी बोलून मोकळी झाले. टाळ्या पडल्या. पण शेलूबाजारला घरी पोचेपर्यंत माझाच मला राग येत होता. मेहनत कोण करत नाही? आमच्या शिवारातली प्रत्येक बाई करते. मला सांगायचं होतं ते एका हाताबद्दल होतं, आणि ते दोन मिनिटांत मावत नाही. म्हणून आता सावकाश लिहिते.

माझं माहेर रिठदचं. सोयाबीन, तूर, हरभरा, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबा पोती घेऊन बाजार समितीत जायचे तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस यायचा आणि लोखंडी नळी खचकन पोत्यात खुपसायचा. नळीतून आतले दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकायचे, दाताखाली फोडायचे. प्रत्येकाच्या पोत्याला भोक पडायचं. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. माल विकायचा म्हणजे लोक तपासणारच, असंच मी लहानपणापासून पाहिलेलं.

लग्न होऊन शेलूबाजारला आले ती बागायतवाल्यांच्या घरात. विहिरीला पाणी होतं, तीन एकरांत वांगी, मिरची, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मामाजी म्हणजे माझे सासरे शेत सांभाळायचे, नवरा छोटा हत्ती टेम्पो चालवायचा, आणि बाजार आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे माझी सासू. माझ्या खांद्याला लागतील एवढीच उंची, आवाज बारीक, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलणं इतकं कमी की पहिले पंधरा दिवस मला वाटलं, माझ्यावर रागावल्याच आहेत. मी बी.कॉम. झालेली. मनातून वाटायचं, या घरात हिशेबाला नि हुशारीला आता मी आले.

लग्नानंतर महिनाभराने त्यांनी मला पहिल्यांदा भाजीबाजारात नेलं. सकाळी दिवस उगवतानाच तिथे हर्रास सुरू होतो, म्हणजे बोली लावून माल विकला जातो. कॅरेटांच्या रांगा लागलेल्या. कॅरेट म्हणजे ते प्लॅस्टिकचं जाळीचं खोकं, वीसेक किलो वांगी मावतात त्यात. बोली पुकारणारा अडत्या रांगेतून चालत ओरडत जातो आणि मागून व्यापाऱ्यांचा घोळका. मी डोळे फाडून बघत होते. प्रत्येक कॅरेटपाशी घोळका थांबायचा, कुणीतरी बाही वर सारायचा आणि सरळ कोपरापर्यंत हात आत घालायचा. तळातली वांगी वर यायची. वर चकचकीत माल आणि खाली किडका, ही इथली जुनीच रीत. सगळे करतात, सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सगळे हात घालतात. शेतकरी बाजूला उभा राहून शपथा खातो, व्यापारी हसतो, बोली खाली येते. हा रोजचाच तमाशा.

मग घोळका आमच्या कॅरेटांपाशी आला.

आमची कॅरेटं बघून मला तर लाजच वाटली होती. वर वाकडी वांगी, एकदोन डागी, काही निस्तेज. शेजारच्याची कॅरेटं कशी आरशासारखी चमकत होती! पुढे एक व्यापारी होता, अकोल्याकडचा, डोक्याला हिरवा रुमाल बांधलेला. त्याने आतापर्यंत प्रत्येक कॅरेटमध्ये हात घातला होता. आत्याबाईंच्या कॅरेटकडे त्याने नुसतं वरून पाहिलं, मान डोलावली आणि बोली सुरू झाली. ना हात, ना शपथ, ना हसणं. सगळी कॅरेटं झरझर गेली, आणि तीही त्या दिवसाच्या सगळ्यात वरच्या भावाने. आत्याबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चाल, चाय पिऊ."

मी तिथेच थिजले. एवढ्या मोठ्या बाजारात, जिथे सख्ख्या भावावर कुणी विश्वास ठेवत नाही, तिथे या बाईचा माल कुणी उघडूनही पाहत नव्हतं. चहाच्या टपरीवर मी त्यांच्याकडे चोरून पाहत राहिले. बशीत चहा ओतून फुंकर मारत होत्या. आमच्या बाबांचं आयुष्य गेलं पोत्याला भोकं पाडून घेण्यात, आणि ही बाई!

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "कोणी पाहत कसं नाही?"

तो म्हणाला, "मायचा माल हाये तो. त्यात काय पाह्यचं?"

त्याला त्यात काही नवल वाटत नव्हतं. तो त्यातच वाढला होता.

आता संध्याकाळचं सांगते. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वांग्यांचा तोडा, म्हणजे काढणी व्हायची. ओसरीत ताडपत्री अंथरून आम्ही माल निवडायला बसायचो. आत्याबाई वांगं हातात घ्यायच्या, देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबायच्या आणि डोळ्यांनी न पाहताच बाजूला टाकायच्या. मी ते फोडून बघायचे. आत अळी! बाहेरून भोकही दिसत नसायचं. "तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं तर म्हणायच्या, "हाताले समजते." किडकं सगळं बाजूला निघायचं. मग कॅरेट भरायचं. खाली चांगला माल, मध्ये चांगला माल, आणि वर मुद्दाम वेचून ठेवलेली वाकडी, ओरखड्याची, त्या कॅरेटमधली सगळ्यात हलकी वांगी. खायला चांगली, पण दिसायला गबाळी.

मला वाटलं, त्यांची नजर अधू झाली आहे. एकदा म्हटलंही, "आत्याबाई, चांगली वर ठेवू ना. दिसायला बरी दिसतात."

"तशीच राहू दे," एवढंच बोलल्या. समजावून सांगायची त्यांना सवयच नव्हती. आणि मला विचारायची नव्हती. दोघी सारख्याच हट्टी, दुसरं काय!

मग आलं ते लग्न. किन्हीराजाला त्यांच्या बहिणीच्या घरी कार्य होतं, दोन दिवस आत्याबाई तिकडे गेल्या. नेमका तोडा आला. मी म्हटलं, आता दाखवतेच. निवडायला काही कसर ठेवली नाही, देवाशपथ सांगते, एक किडकं वांगं आत जाऊ दिलं नाही. आत्याबाईंचं अंगठ्याचं कसब माझ्याजवळ नव्हतं, म्हणून संशय येईल ते सरळ गुरांना टाकलं. आणि मग कॅरेटं भरली ती माझ्या पद्धतीने. वरचं एकेक वांगं ओल्या फडक्याने पुसलं. सगळे देठ एका बाजूला. पाण्याचा हबका मारला. काय दिसत होती म्हणून सांगू! फोटो काढून स्टेटसलाही ठेवला.

सकाळी नवऱ्यासोबत मीच बाजारात गेले. घोळका आला. हिरव्या रुमालवाला थांबला आणि त्याने भुवया वर केल्या.

"क्या बात है! आज तो दुल्हन सजाके लाई."

लोक हसले. मला ती तारीफ वाटली, मीही हसले. मग त्याने बाही वर सारली.

अडत्या म्हणाला, "अवो भाऊ, मावशीचा माल हाये तो."

"मावशी असा माल लावत नाई," तो म्हणाला, आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला.

त्याच्या मागून दुसऱ्याचा गेला, तिसऱ्याचा गेला. सगळी कॅरेटं ढवळून निघाली. माझे देठ, माझी रांग, सगळं उलटंपालटं. तळातून एकही खराब वांगं निघालं नाही. भावही बरा मिळाला. आणि मी बावळट, घरी येताना खुशीत होते! म्हटलं, पाहा, तपासलं तरी माल चोख निघाला. नवरा मात्र समोर रस्त्याकडेच बघत गाडी चालवत होता. मी विचारलं तर म्हणाला, "मायले काय सांगू आता?"

तेव्हा कुठे मी तो स्टेटसचा फोटो काढून टाकला.

पुढच्या तोड्याला आत्याबाई परत आल्या होत्या. त्यांनीच निवडलं, त्यांनीच भरलं, हलका माल वर. त्याच बाजारात आल्या. मी शेजारी उभी. हिरव्या रुमालवाला आला, वरून पाहिलं, आणि क्षणभर घुटमळला. मग खाली मान घालून म्हणाला, "माफ करना मावशी. आता दोन हात भरून राह्यले ना. कोनतं तुमचं आन् कोनतं सुनेचं, मले कसं समजन?"

आणि त्याने हात घातला.

मी आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्या हाताकडे बघत होत्या, तो आत जाताना आणि बाहेर येताना. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी चोरी केली नव्हती, खोटं बोलले नव्हते, एक किडकं वांगं दिलं नव्हतं, आणि तरी या बाईचं अख्ख्या आयुष्याचं काहीतरी मी दीड तासात मोडून टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी रडायला लागले. तेव्हा आत्याबाई बोलल्या. एवढं सलग बोललेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"रडतं कायले? आयक. मी नवीन आल्ती तवा माह्याही कॅरेटात हात घालत. लय राग ये. मंग एक दिवस म्या त्या हाताकडंच पाह्यलं. म्हटलं, हा हात आतमदी काय ढुंढून राह्यला? खराब माल ढुंढून राह्यला. मंग म्या तेच वर ठेवलं. घे बापा, हे हाये आमच्यापाशी सगळ्यात हलकं, याच्या खाली याच्याहून चांगलंच हाये. तरीबी घालत. घालू देल्ला. तुवा नवरा रांगत होता तवापासून, तो शाळेत जायेपर्यंत घालत होते. मंग कवा थांबले, मलेबी समजलं नाई."

गाडीचा खडखडाट चालू होता.

मग त्या म्हणाल्या, "आता माह्या गुडघ्यानं बाजार होत नाई. या तोड्यापासून तूच जाय. तू तोडलं, तूच जोड."

पुढची गोष्ट लांब आहे, पण तिच्यात घडलं मात्र थोडंच. दर तोड्याला मी निवडायचे, हलकं वर ठेवून भरायचे. बांधायच्या आधी आत्याबाई काठी टेकत ओसरीत यायच्या, खाली बसायच्या, बाही वर सारायच्या आणि प्रत्येक कॅरेटमध्ये तळापर्यंत हात घालायच्या. माझ्या कॅरेटमध्ये माझीच सासू! पहिल्यांदा मला असा संताप आला की मी चुलीपाशी जाऊन भांडी आपटली. त्या पुढच्या कॅरेटकडे वळल्या. एखादं वांगं तळातून काढून बाजूला ठेवलं की मी ते फोडायचे, आणि आत अळी निघायची. भांडी आपटणं हळूहळू बंद झालं. मीही अंगठा शिकले. सुरुवातीला दाबून दाबून वांग्यांना खळ्या पाडल्या, मग एके दिवशी देठाखाली काहीतरी पोकळ, जरासं मऊ लागलं. फोडलं तर होती! मी आनंदाने ओरडलेच. अळी सापडल्याचा एवढा आनंद कुणी केला नसेल.

सकाळी बाजार, दुपारी घर. दारात पाऊल ठेवलं की आत्याबाईंचा एकच प्रश्न, "घातला?"

"घातला."

"बरं. जेव आता."

पावसाळा गेला, हिवाळा गेला. घातला, घातला, घातला. भाव किती मिळाला, हे त्यांनी कधी आधी विचारलं नाही. एका वर्षी कीड एवढी पडली की अर्धा तोडा फेकावा लागला. उरलेल्यातही मला भरवसा नव्हता. नवरा म्हणाला, राहू दे, नेऊ नको. पण मी नेलं, आणि वर काय ठेवलं? एक किडकं वांगं मधोमध चिरून, अळीसकट. घोळका आला नि सगळे खो खो हसायला लागले. हिरव्या रुमालवाल्याने ते अर्धं वांगं उचलून सगळ्यांना दाखवलं. "देखो भाई, बाई खुद कीडा दिखा रही!" माल कवडीमोलाने गेला, पण हात कुणी घातला नाही. मी उड्या मारत घरी आले. "आत्याबाई, नाही घातला!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खराब मालात कोन हात घालते, बाई? ते धरू नको."

मी पुन्हा शून्यावर. मलाही हसू आलं, काय करता!

असं करता करता माझा मुलगा बालवाडीत जायला लागला. आणि मग ती सकाळ आली. विशेष काही नव्हतं. हवेत गारवा होता, बाजारात माल भरपूर, माझा माल उत्तम, वर नेहमीसारखी वाकडी नि डागी. माझं लक्षही नव्हतं, मी काट्यावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होते. घोळका माझ्या कॅरेटांपाशी आला. हिरव्या रुमालवाल्याच्या दाढीत आता पांढरं आलं होतं. त्याने वरचं एक वाकडं वांगं उचललं, हातात फिरवलं, जागेवर ठेवलं आणि अडत्याला म्हणाला, "चल भाऊ, बोल."

बोली सुरू झाली. मी थांबून पाहत राहिले. मला वाटलं, आता घालेल. पुढच्या कॅरेटला घालेल. शेवटच्याला तरी घालेल. तो शेजारच्या रांगेत गेला आणि तिथे त्याने बाही वर सारली.

खरं सांगू? मला आनंद झाला नाही. मला भीती वाटली. तोंडाशी आलं होतं की ओरडून सांगावं, अहो, पाहा तरी एकदा! काल घाईत भरलं आहे, मीही माणूसच आहे. एका परक्या माणसाने, ज्याचं घर मी पाहिलं नाही, ज्याला माझं नावही धड माहीत नाही, त्याने माझ्या अंधारातल्या वांग्यांवर स्वतःचा धंदा लावला होता. दुपारपर्यंत ती वांगी कुणाकुणाच्या घरी जाणार होती, आणि आता मधे कुणीच पाहणार नव्हतं. आत्याबाई हे ओझं इतकी वर्षं पदरात बांधून, बशीतला चहा फुंकत कशा बसत असतील, हे मला त्या दिवशी कळलं. मी एकटीच टपरीवर गेले नि चहा घेतला, पण तो बशीत तसाच ठेवून निघाले.

घरी आले. आत्याबाई बाजेवर बसून लसूण सोलत होत्या.

"घातला?"

मी नुसती मान हलवली. नाही.

"माल कसा होता?"

"चांगला होता."

त्यांचा हात लसणावर थांबला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पुन्हा सोलायला लागल्या. म्हणाल्या, "बरं. जेव आता."

मला थोडं वाईटच वाटलं. एवढ्या वर्षांनी, आणि एक शब्द जास्तीचा नाही! पण मी त्यांना ओळखून होते, जेवले आणि कामाला लागले.

चौथ्या दिवशी तोडा झाला. संध्याकाळी ओसरीत मी कॅरेटं भरून रांगेने ठेवली आणि त्यांची वाट बघत बसले. काठीचा आवाज आला. आत्याबाई आल्या, पहिल्या कॅरेटपाशी उभ्या राहिल्या, वरच्या वाकड्या वांग्यांकडे वाकून पाहिलं. मी त्यांच्या बसण्यासाठी पाट पुढे सरकवला. त्या बसल्या नाहीत. बाहीला हातही लावला नाही.

"झाक बारदान," म्हणाल्या, आणि काठी टेकत आत निघून गेल्या.

मी तशीच बसून होते. डोळ्यांतलं पाणी पुसलं. आत त्या देवापुढे दिवा लावत असल्याचं ऐकू येत होतं. ओलं बारदान माझ्या हातात होतं, ते मी पहिल्या कॅरेटवर अर्धं पसरलं आणि थांबले.

मग बारदान बाजूला ठेवलं, बाही वर सारली, आणि तळापर्यंत हात घातला.